मोळी आणि ओंडका

लाकूडतोड्या आणि जलदेवतेची गोष्ट मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. मूळची ती इसापच्या नावावरची, दूर ग्रीसकडची. पण आपल्याकडे इतकी रुळली की तिच्यातली नदी आपल्याच गावची वाटते. त्या गोष्टीतला माणूस एकटा आहे, पुरुष आहे, त्याच्या हाती कुऱ्हाड आहे आणि तोडलेले लाकूड विकून तो पोट भरतो. सरपण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हेच चित्र येते: झाड, कुऱ्हाड आणि घाव.

महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या चुली मात्र या माणसाच्या जिवावर पेटत नव्हत्या. रोजचे जळण आणले ते मुख्यतः बायकांनी आणि पोरांनी. त्यांच्या हाती कोयता किंवा विळा असे, पुष्कळदा काहीच नसे. आणलेली मोळी आपल्याच चुलीत जाई. अगदीच नड असेल तेव्हा ती बाजारात उतरे. या बाईवर आपल्याकडे प्रसिद्ध अशी गोष्ट नाही, आणि जंगल तुटल्याचा ठपका मात्र वर्षानुवर्षे तिच्यावर येत राहिला.

मी वनशास्त्र शिकलेलो नाही. लोखंडी हत्यारांच्या नादाने आठवडी बाजार पालथे घातले, लोहारांच्या भात्यापाशी बसलो, आणि हत्यारांच्या मागोमाग लाकडापर्यंत आलो. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. झाडाला कोणते हत्यार लागले यावरून त्या झाडाचे पुढे काय होणार हे ठरते. मराठी भाषेने हा फरक बारकाईने जपला. कायद्याने तो दीर्घकाळ एका ओळीत गुंडाळून टाकला. त्याची किंमत कोणी मोजली, हे या लेखात मांडायचे आहे.

वेचण्यापासून पाडण्यापर्यंत

सरपण, जळण, लाकूडफाटा हे झाले सर्वसाधारण शब्द. त्यांच्या पोटात शिरले की मापे दिसू लागतात. काटकी बोटाएवढी, हाताने मोडणारी. फाटे मनगटाएवढे. कुऱ्हाडीच्या घावाने उडते ती ढलपी. उभी फोडली की होते ती चिरफळी. खोडाचा आडवा तुकडा म्हणजे ओंडका आणि जमिनीत उरतो तो खुंट. यात झाडाशी संबंध नसलेले जळण वेगळेच: तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे, दाणे काढलेली मक्याची कणसे, उसाची चिपाडे, कोकणात नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या, आणि सगळीकडे गोवऱ्या किंवा शेणी. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावात वर्षाचे कित्येक महिने चूल या शेतातल्या जळणावरच चालते. त्यासाठी झाडाला हातही लावावा लागत नाही.

क्रियापदे तर आणखी नेमकी आहेत. काटक्या वेचतात. वाळकी फांदी मोडतात. ओली फांदी छाटतात. झाड तोडतात, मोठे असेल तर पाडतात. ओंडका फोडतात. फळी चिरतात. तुळई तासतात. प्रत्येक क्रियापदाला आपले हत्यार आहे. वेचायला हात पुरतात. मोडायला लांब काठीच्या टोकाला बांधलेला आकडा लागतो. तो वाळक्या फांदीत अडकवून खाली हिसका दिला की फांदी कटकन येते, आणि ओली असेल तर नुसती वाकते. म्हणजे हे साधन वाळके आणि ओले यांची निवड आपोआपच करते. छाटायला कोयता, तोडायला कुऱ्हाड, फोडायला कुऱ्हाडीबरोबर पाचर आणि घण, चिरायला करवत, तासायला वाकस.

या यादीतली पहिली तीन कामे झाली तरी झाड उभे राहते. त्यानंतरची सगळी कामे झाड आडवे झाल्यावरची किंवा ते आडवे करण्याची आहेत. मोळी पहिल्या तीन कामांतून बनते, ओंडका नंतरच्या कामांतून.

कोयता

कोयत्याचे पाते पुढे आत वळलेले असते. फांदी त्या बाकात सापडते, घाव निसटत नाही, आणि एका हाताने वार करताना दुसरा हात फांदी धरायला किंवा झाडाला बिलगायला मोकळा राहतो. कोकणात आणि ठाणे-रायगडच्या डोंगराळ भागात कमरेला लाकडी आकडी बांधून तिच्यात कोयता मागे अडकवतात. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून ही सोय. नारळ-शहाळ्यांचा कोयता जड, उसाचा त्याहून हलका. ऊसतोडीच्या धंद्यात तर ‘कोयता’ हे माणसे मोजायचे माप झाले आहे: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हत्याराचे नाव धरणाऱ्यालाच चिकटले, आणि जोडीतली बाई हिशेबात निम्मा कोयता ठरली.

कोयत्याने झाड मारणे अवघड असते. त्याने फांद्या उतरतात आणि पुढल्या पावसात नवे धुमारे फुटतात. कोकणातली जुनी राबाची शेती याच गुणावर उभी होती. भातखाचरांना जोडून डोंगरउताराची वरकस जमीन असे. तिथल्या ऐन, किंजळ अशा झाडांच्या पानांसकट फांद्या, म्हणजे कवळ, छाटून आणायचा. रोपाच्या तुकड्यावर शेण, कवळ, पाचोळा आणि वर थोडी माती असे थर पसरून पावसाळ्यापूर्वी ते भाजायचे. आणि त्या राखेच्या जमिनीत भाताचे रोप टाकायचे. झाडे छाटून छाटून उघड्या खांबासारखी दिसत, शेंड्याला पानांचे झुबके. पण ती जिवंत असत आणि पुढे पुन्हा कवळ देत.

इंग्रजी अमलातल्या जंगल अधिकाऱ्यांना ही झाडांची नासाडी वाटली. राबावर निर्बंध आले तसा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष वाढला, आणि तो इतका की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. छाटलेले झाड हे मेलेले झाड आहे की कामाला लावलेले, हा त्या वादाचा गाभा होता.

कुऱ्हाड

कुऱ्हाड ही मुळात पाचर आहे. फरक इतकाच की ती दांड्याच्या टोकाशी बसवून वेगाने मारता येते. लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीने उभे जातात. ते आडवे कापायला फार जोर लागतो, उभे फाडायला थोडा. म्हणून झाड तोडायची कुऱ्हाड पातळ आणि धारदार हवी, तर ओंडके फोडायची जाड आणि जड. फोडायच्या कुऱ्हाडीची धार थोडी बोथट असली तरी चालते. तिचे काम कापणे हे नसून तंतूंना दोन बाजूंना ढकलणे हे असते.

दांड्याला धामणाचे लाकूड नावाजलेले. ते चिवट आणि लवचीक असते; घावाचा हादरा दांडा स्वतः सोसतो आणि मनगटापर्यंत कमी पोहोचवतो. धामण मिळत नाही तिथे बाभूळ. दांडा गोल न ठेवता अंडाकृती तासतात. गोल दांडा हातात फिरतो. अंडाकृती असला की धार कुठल्या दिशेला आहे हे न पाहता मुठीला कळते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण फितुरीबद्दल वापरतो, पण तिच्यामागे साधे निरीक्षण आहे: झाड पाडणारे लोखंड झाडाच्याच फांदीवर बसलेले असते.

पाते सैल होणे हा कुऱ्हाडीचा सर्वांत मोठा धोका. बरेच जण सैल कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगते आणि पाते घट्ट बसते. पण ते तेवढ्यापुरतेच. लोखंडाच्या भोकात फुगायला जागा नसल्याने लाकडाचे तंतू चेपतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा सैल होतो. जाणते लोहार म्हणूनच पाण्यापेक्षा टोकाला ठोकलेल्या पाचरीवर भर देतात.

आज बाजारात दिसणाऱ्या हाताने घडवलेल्या कुऱ्हाडी आणि कोयते पुष्कळदा मालमोटारीच्या जुन्या कमानीच्या पाट्यांपासून बनतात. गावोगाव फिरणारे घिसाडी रस्त्याकडेला भाता आणि ऐरण मांडून हे काम करतात. बाई घण मारते, पुरुष सांडशीने तापलेले लोखंड फिरवतो. पाटा चांगल्या पोलादाचा असतो, पण खरी कसोटी पाणी देण्याची. लाल झालेले सगळे पाते पाण्यात बुडवले तर ते काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून फक्त धार बुडवतात, आणि मागच्या भागातली धग परत धारेकडे येऊ देतात. घासून चकचकीत केलेल्या धारेवर आधी गवताचा पिवळा, मग तांबूस, मग निळा रंग सरकत येतो. कुठल्या रंगावर थांबवायचे यात लोहाराचे कसब. फार लवकर थांबवले तर धार तुकड्याने उडते, फार उशिरा थांबवले तर ती वळते.

झाड पाडताना ज्या बाजूला पडायला हवे त्या बाजूला आधी खोल खाच घेतात. मग विरुद्ध बाजूने, त्या खाचेपेक्षा थोडे वर, दुसरा घाव सुरू होतो. मध्ये उरलेली लाकडाची पट्टी बिजागरीसारखे काम करते आणि झाड ठरल्या बाजूला झुकते. ती पट्टी आधीच तुटली तर झाड कुठे जाईल याचा नेम नाही. फोडताना ओंडक्याच्या टोकाला वाळून पडलेल्या तडा बघतात. लाकडाने आपण कुठे फाटणार हे आधीच सांगून ठेवलेले असते. मोठ्या ओंडक्याच्या मधोमध घाव घालणारा नवखा. जाणता कडेने ढलप्या काढत आत येतो. गाठ आली की कुऱ्हाड बाजूला ठेवून पाचर आणि घण घ्यायचा, कारण गाठीत फांदीचे तंतू आडवे घुसलेले असतात आणि तिथे कुऱ्हाड रुतून बसते.

ओल

लाकूड फोडायचे ते चुलीच्या तोंडात मावावे म्हणूनच नव्हे. साल ही झाडाची पाणी राखणारी कातडी आहे. अखंड ओंडका तोडलेल्या दोन टोकांतूनच काय तो वाळतो, आणि सालीच्या आत महिनोन्‌महिने ओला राहतो. फोडला की आतला भाग वाऱ्याला लागतो.

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. पूर्ण वाळलेले १ किलो लाकूड जळून साधारण ४,५०० किलोकॅलरी उष्णता देते. आता २ किलोचे ओले लाकूड घ्या: १ किलो लाकूड, १ किलो पाणी. ते पाणी उकळून त्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे लाकडाने दिलेल्या उष्णतेचा सातवा हिस्सा भाकरीपर्यंत न पोहोचता वाफेतच गेला. खरे नुकसान याहून मोठे. लाकूड जळते म्हणजे आधी तापून त्यातून वायू सुटतात आणि मग त्या वायूंची ज्योत होते. ओल्या लाकडाने आच मंद झाली की हे वायू पेट घ्यायच्या आधीच धूर होऊन छपराकडे जातात. फुंकणीने फुंकून लाल झालेले डोळे आणि काळे पडलेले आढे हा न जळलेल्या सरपणाचाच हिशेब असतो.

‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण निरपराध्याला होणाऱ्या शिक्षेबद्दल आहे, पण चुलीपुढे ती अक्षरशः खरी आहे. सुक्या काटक्यांची आच पुरेशी असेल तर तिच्या कडेला ठेवलेले ओले लाकूड आधी वाळते आणि मग पेटते. चुलीच्या कडेला किंवा वैलाजवळ उद्याचे फाटे रचून ठेवायची पद्धत यातूनच आली.

पाण्याचा हा हिशेब बायकांना आकड्यांशिवाय ठाऊक होता. वाळलेले लाकूड दुसऱ्यावर आपटले की खणखणते, ओले थप्प वाजते. वाळलेल्याची साल नखाने सुटते आणि टोकाला तडा दिसतात. पावसाळ्याआधीची बेगमी करताना धान्याइतकेच महत्त्व सरपणाला होते. पडवीत, माळ्यावर, भिंतीला टेकून रचलेली लाकडे हे घराच्या सुस्थितीचे लक्षण मानले जाई. कोकणात आगोटीच्या कामांत, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधीच्या लगबगीत, छपराच्या शाकारणीबरोबर सरपण आत घेणे येई. ते राहून गेले तर पावसाळाभर घर धुराने भरे.

चुलीपुढे

कुठले लाकूड कशाला, हेही ठरलेले. बाभळीचे निखारे बराच वेळ टिकतात. भाकरीला आधी तव्याखाली ज्योत हवी आणि मग पुढ्यात ओढलेल्या निखाऱ्यांवर ती फुगायला हवी. बाभूळ ही दोन्ही कामे करते. तुराट्या-पऱ्हाट्या भडकन पेटतात आणि लगेच विझतात, म्हणून त्या आग धरवायला. दूध आटवायला गोवरी, कारण तिची आच मंद आणि एकसारखी. पांगारा, शेवगा, काटेसावर ही लाकडे हलकी; ती पटकन संपतात आणि मागे निखारा ठेवत नाहीत. वड, पिंपळ, उंबर चुलीत घालायचे नाहीत असा अनेक घरांचा रिवाज. होमाच्या समिधा मात्र त्याच झाडांच्या. देवराईतून तर पडलेली काटकीही आणायची नाही, असा दंडक कित्येक गावांनी पाळला.

या ज्ञानाचे कौतुक करताना धुराला विसरून चालणार नाही. साध्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते. उरलेली वाया जाते, आणि धूर बाईच्या फुप्फुसात जातो. २५-३० किलोची मोळी चुंबळीवर तोलत डोंगर उतरण्यात काही काव्य नाही. मानेचे आणि गुडघ्यांचे दुखणे त्या वाटेवरूनच घरी येते.

वखार आणि भट्टी

मोळीच्या वाटेहून वेगळी एक वाट होती, आणि ओंडके त्या वाटेने जात. शहरांत सरपण वखारीत मिळे. पुण्या-मुंबईच्या वाड्यांत आणि चाळींत न्हाणीघरातला तांब्याचा बंब, लग्नकार्यातल्या भट्ट्या, हॉटेले, बेकऱ्या, सगळ्यांना लाकूड लागे. वखारीत सरपण वजनावर विकले जाई. मणाच्या भावाने ओले लाकूड घेणारा गिऱ्हाईक लाकडाच्या दराने पाणी घेत होता, हे वरच्या हिशेबावरून ध्यानात येईल.

शहराला दुरून लाकूड आणायचे तर ते हलके हवे, आणि लाकूड हलके करायचा उपाय म्हणजे कोळसा. लाकडे दाटून रचायची, वर पालापाचोळा आणि मातीचा थर द्यायचा, हवा जवळजवळ बंद ठेवून दिवसचे दिवस धुमसू द्यायचे. मातीला भेग पडली की लगेच लिंपायची, नाहीतर आत ज्वाळा होऊन सगळ्याची राख. पाच-सहा किलो लाकडातून १ किलोच्या आसपास कोळसा हाती लागतो. हे काम रायगड-ठाण्याकडच्या कातकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. पावसाळा संपला की व्यापाऱ्याकडून उचल घेऊन कुटुंबे भट्ट्यांवर जात, आणि हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसे. खैराच्या लाकडापासून कात काढणारी म्हणून ओळखली गेलेली ही जमात. जंगल ज्यांच्या इतके अंगवळणी, त्यांच्याच हातून शहरासाठी जंगल जाळले गेले, आणि त्यातला नफा त्यांच्याकडे राहिला नाही.

१९७५ साली एरिक एकहोम या अमेरिकी लेखकाने गरीब देशांतल्या सरपणाच्या टंचाईवर एक पुस्तिका लिहिली. तेलटंचाईचे ते दिवस. सरपणाची टंचाई हे दुसरे ऊर्जासंकट आहे, ही त्याची मांडणी जगभर गाजली. लोक वाढणार, चुली वाढणार, म्हणजे जंगल संपणार, असे गणित अनेक सरकारांनी मांडले. पुढे खेडोपाडी प्रत्यक्ष मोजमाप झाले तेव्हा हे गणित डळमळले. घरगुती जळणाचा मोठा भाग बांधावरच्या झाडांच्या फांद्या, वाळके लाकूड, पिकांचे अवशेष आणि शेण यांतून येतो असे दिसले. लाकूड दुर्मिळ झाले की लोक दुसरे जळण वापरतात, बांधावर झाडे लावतात, चूल कमी वेळा पेटवतात. शेती वाढवण्यासाठी झालेली तोड, इमारती लाकूड आणि शहराचा कोळसा यांचे खाते वेगळे ठेवायला हवे होते. ते मोळीच्या खात्यावर टाकले गेले.

कायद्याची एक ओळ

हा घोटाळा कायद्यात आधीपासून होता. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे भाग केले. त्याच्या जागी आलेल्या १९२७ च्या कायद्यातले २६ वे कलम राखीव जंगलात मनाई असलेल्या गोष्टी सांगते. झाड पाडणे, त्याची साल गोल कापून ते मारणे, फांद्या छाटणे, झाड जाळणे, साल किंवा पाने ओरबाडणे हे सगळे तिथे एकाच पोटकलमात येते. मराठीतली वेगवेगळी क्रियापदे कायद्यात एका स्वल्पविरामाच्या अंतरावर आली. कोयता आणि कुऱ्हाड एकाच गुन्ह्याची हत्यारे ठरली.

त्याआधीच, १८८३ मध्ये महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले होते. जवळच्या रानातली फळे खाऊन, फुले, पाने आणि लाकूडफाटा विकून लहान शेतकरी कसाबसा निभाव लावी. जंगलखात्याने ते रानच त्याच्या हातून काढून घेतले, हे दुखणे त्यांनी नेमके पकडले.

१९३० सालच्या सविनय कायदेभंगात महाराष्ट्रात मिठाबरोबर जंगल हाही लढ्याचा विषय झाला, त्याचे कारण हेच. समुद्र सगळ्यांच्या दारात नव्हता, पण गवत आणि सरपण सगळ्यांना लागत होते. लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला गवत कापून कायदा मोडला गेला. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेर गावच्या अक्कादेवीच्या डोंगरावर लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन गेले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात हुतात्मा झालेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. रोज मोळी आणायला लागणारे हत्यार त्या दिवशी सत्याग्रहाचे साधन झाले.

स्वातंत्र्यानंतर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याने साग, खैर, चंदन, मोह, हिरडा, आंबा, फणस, चिंच अशा ठरावीक झाडांच्या तोडीला परवानगी बंधनकारक केली. जंगलातली मोळी मात्र आणखी चार दशके कायद्याच्या भाषेत चोरी किंवा मेहेरबानी यांच्या मध्येच कुठेतरी राहिली.

भाषेतला फरक कायद्यात परत आला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. त्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपाने यांच्याबरोबर काटक्याकुटक्या आणि खुंट हेही नावाने आले आहेत, आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क गावाला दिला आहे. २००८ च्या नियमांत तर वाहतुकीची साधनेही लिहिली गेली: डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी. पुढे २०१२ मध्ये ही मर्यादा सैल झाली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने हाती घेतले, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. त्या बातम्यांत बांबूची चर्चा झाली. डोक्यावरचा भारा हे शब्द सरकारी नियमात हक्काचे शब्द म्हणून आले, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

खुंट वाचावा कसा

आता गॅस आला आहे आणि तो यायलाच हवा होता. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर गरीब घरांत पोहोचवला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली सुमारे ५९ टक्के घरे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरतात. पण हा प्रश्न ‘मुख्यत्वे काय वापरता’ असा असतो. चहाला गॅस, भाकरीला चूल आणि अंघोळीच्या पाण्याला मागच्या दारातली तीन दगडांची चूल, असे एकाच घरात चालते. महिनाअखेरीस सिलिंडर संपला की पुन्हा चूल. सरपण संपलेले नाही. ते सर्वेक्षणाच्या चौकटीतून बाहेर गेले आहे.

ओंडक्याची वाट मात्र रुंद झाली आहे. पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, जिला गावात नुसते ‘कटर’ म्हणतात, दोन माणसांचे दिवसाचे काम काही मिनिटांत करते. वीटभट्ट्या आणि कारखान्यांचे बॉयलर यांना लागणारे लाकूड ट्रकने जाते. कुऱ्हाडीने झाड पाडणाऱ्याला निदान दमावे लागे, आणि त्या दमण्याची तोडीला आपोआप मर्यादा होती. कटरला ती नाही.

जंगल कोण तोडते या प्रश्नाचे उत्तर त्या जागीच लिहिलेले असते, आणि ते वाचायला तज्ज्ञ असावे लागत नाही. डोक्याएवढ्या उंचीवर तिरपे काप, खाली जाड खोड शाबूत आणि कापाभोवती धुमारे दिसले तर तिथे कोयता फिरला आहे. पाऊस झाला की ते झाड पुन्हा पालवेल. गुडघ्याखाली तिरप्या पैलूंचा खुंट आणि भोवती विखुरलेल्या ढलप्या असतील तर कुऱ्हाड. आणि जमिनीलगत ताटासारखा सपाट काप, त्यावर बारीक समांतर रेघा, आजूबाजूला भुशाचा ढीग आणि चिखलात रुंद चाकांच्या खुणा असतील, तर तिथून डोक्यावर भारा घेतलेली बाई गेलेली नाही.